पाहणारे किती आणि परतणारे किती

चंदीगडमधील सेक्टर २२ हा त्या शहराच्या अगदी प्रथम वसलेल्या भागांपैकी एक होय. ल कॉर्बुझिये यांच्या आराखड्यावरून हे शहर उभे राहिले आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सेक्टर २२ मधील घरे व बाजार मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पियेर जानरे यांच्या हातचे आहेत. आराखडा करणाऱ्यांनी शहरातील रस्त्यांचे सात वर्ग पाडले. भरधाव मोटारींचा रस्ता निराळा, घरापाशी नेणारा रस्ता निराळा आणि बाजाराचा रस्ता निराळा. बाजाराच्या रस्त्यावर दुकाने एकाच बाजूस असावीत, म्हणजे खरेदीस निघालेल्या माणसास घडोघडी रस्ता ओलांडावा लागणार नाही, असा त्यांचा दंडक होता. लोक कोठून येतात, कोणत्या गतीने जातात व कोठे थांबतात, याचा विचार विटा रचण्यापूर्वीच झाला होता.

हा विचार याच सेक्टरमधील शास्त्री मार्केटात बसणारा दुकानदार दररोज आपल्या परीने करीत असतो. त्याने संख्याशास्त्राचा ग्रंथ उघडलेला नसतो. तरीही गाळ्यासमोरून नुसते जाणारे, मान वळवून पाहणारे, पायरी चढून आत येणारे, भाव विचारून निघून जाणारे आणि महिन्याभराने आपले नाव घेऊन पुन्हा येणारे हे सारे लोक एकच नव्हेत, हे त्यास पक्के ठाऊक असते. संध्याकाळी गर्दी फार झाली म्हणून तो हुरळून जात नाही. गल्ल्यात काय पडले आणि ओळखीचे चेहरे किती दिसले, एवढेच तो पाहतो.

वाचकहो, आज अनेक कुटुंबांनी असेच एक दुकान हातातील फोनमध्ये मांडले आहे. कोणी पाककृतींचे व्हिडिओ करतो, कोणी शिवणकाम शिकवितो, कोणी मुलांना गणित समजावून सांगतो, तर कोणी घरी केलेले लोणचे विकतो. समोरून किती लोक गेले आणि किती थांबले, याची नोंद यूट्यूब, इन्स्टाग्राम व फेसबुक आपल्यासाठी फुकट ठेवतात. तिला ‘ॲनॅलिटिक्स’ किंवा ‘इन्साइट्स’ म्हणतात. परंतु पुष्कळ घरांत ही नोंद एकतर मुळीच उघडली जात नाही, किंवा दिवसातून वीस वेळा उघडून तिच्यातील एकच आकडा पाहिला जातो. पहिल्या चुकीपेक्षा दुसरी अधिक घातक आहे, असे माझे मत आहे. घरातील एका माणसाचे तास, क्वचित नोकरी सोडण्याचा निर्णय आणि साठविलेले पैसे जेथे पणाला लागतात, तेथे आकडे वाचण्याची पद्धत शिकून घेणे हे काही हौसेचे काम नव्हे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. आपल्या व्हिडिओचे चित्र कोणाच्या पडद्यावर किती वेळा दिसले, त्या संख्येस ‘इम्प्रेशन्स’ म्हणतात. हे दुकानासमोरून जाणारे लोक. चित्र दिसल्यावर त्यावर बोट ठेवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे ‘क्लिक-थ्रू रेट’; हे पायरी चढणारे. जगातील निम्म्या चॅनेलांचे व व्हिडिओंचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते, असे यूट्यूबनेच आपल्या मदतीच्या पानावर नमूद केले आहे. म्हणून शंभरांपैकी चारच जण आत आले म्हणून कपाळावर हात मारून घेण्याचे कारण नाही. आत आलेला माणूस किती वेळ थांबला, ते ‘वॉच टाइम’ सांगतो. ‘सबस्क्रायबर’ या शब्दाचा मूळ अर्थ वर्गणीदार; येथे मात्र तो बहुधा एक पैसाही देत नाही आणि कित्येकदा पुन्हा फिरकतही नाही. तरी मिरविण्याकरिता लोक नेमकी हीच संख्या पुढे करतात!

या चार शब्दांचा एकमेकांशी संबंध कसा येतो, हे साध्या गणिताने पाहू. समजा, एक व्हिडिओ १०,००० वेळा लोकांच्या नजरेस पडला. शेकडा ४ जणांनी तो उघडला, म्हणजे ४०० जणांनी. ते सरासरीने २ मिनिटे थांबले, म्हणजे एकूण ८०० मिनिटे, अर्थात १३ तास २० मिनिटे झाली. यूट्यूबच्या जाहिरातींतून उत्पन्न मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहणे झालेले असावे, हा नियम २०१८ सालापासून आहे. लहान ‘शॉर्ट्स’ करणाऱ्यांना तासांऐवजी ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जाण्याचा दुसरा मार्ग २०२३ सालापासून मोकळा झाला. वरील गतीने ४,००० तास भरावयास असे ३०० व्हिडिओ लागतील. आता चित्र व शीर्षक सुधारून शेकडा ५ जण आत आणले आणि आरंभीची लांबण काढून टाकल्यामुळे ते ४ मिनिटे थांबू लागले, तर एका व्हिडिओमागे ३३ तास २० मिनिटे होतात आणि ३०० चे काम १२० मध्ये भागते. पायरी चढणाऱ्यांत एकाचीच भर पडली. खरा फरक पडला तो आत आलेला माणूस थांबल्यामुळे. यूट्यूबनेही २०१२ साली नुसत्या उघडण्यापेक्षा पाहण्याच्या वेळेस अधिक महत्त्व देण्याचे धोरण स्वीकारले, कारण खोटे चित्र लावून लोकांना आत ओढण्याचा धंदा तोपर्यंत फार बोकाळला होता.

परंतु हे सारे गणित सर्वांसाठी नाही, आणि येथेच बहुतेक घरांची फसगत होते.

असे समजा की, बदलीच्या नोकरीमुळे एक मराठी कुटुंब सेक्टर २२ मध्ये राहावयास आले आहे. घरातील गृहिणीचा हात चकली, अनारसे व करंज्यांवर उत्तम बसलेला. तिने मराठीतून पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले. त्याच फोनवरून दिवाळीच्या फराळाच्या डब्यांच्या मागण्याही ती घेते. एका व्हिडिओला ५०,००० प्रेक्षक लाभले. घरात पेढे वाटले गेले. तथापि त्या महिन्यात डबे मात्र नेहमीइतकेच गेले. असे का व्हावे?

उत्तर तिच्याच फोनमध्ये आहे. यूट्यूब स्टुडिओच्या ‘ऑडियन्स’ या भागात प्रेक्षक कोणत्या प्रदेशांतले व कोणत्या वयाचे आहेत, हे दिसते. मराठीतील पाककृती पाहणारा प्रेक्षक स्वाभाविकपणेच पुणे, नागपूर, कोल्हापूर, मुंबई आणि परदेशांतील मराठी घरे येथे असणार. तो सेक्टर २२ मध्ये येऊन डबा नेणार नाही. उलट चंदीगड, मोहाली व पंचकुला या तीन जुळ्या शहरांतील हिंदी व पंजाबी बोलणाऱ्या शेजारणीस चकली हवी असेल, पण तिला भाजणीच्या पिठाची मराठी चर्चा कळणार नाही. म्हणजे या एका घरात दोन दुकाने आहेत. एक शिकविण्याचे, त्याचे गिऱ्हाईक मराठी आणि जगभर पसरलेले; दुसरे विकण्याचे, त्याचे गिऱ्हाईक स्कूटरने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल एवढ्या परिसरातले. पहिल्याचे मोजमाप पाहण्याच्या तासांत व्हावयास हवे, दुसऱ्याचे डब्यांत. दोहोंचे आकडे एका रकान्यात लिहिले की दोन्ही धंद्यांची दिशा चुकते.

तिला पहिले दुकान वाढवावयाचे असेल तर चंदीगडात राहणे हा मुळीच अडथळा नाही. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना यूट्यूबवर पाककृती दाखवावयास आरंभ केला तो इंग्रजीतून. त्यांनी पुढे मराठी चॅनेल काढले आणि मराठी चॅनेलचा प्रेक्षकवर्ग मूळ चॅनेलच्या पुष्कळ पुढे गेला. आपला प्रेक्षक कोणत्या भाषेतला, हे एकदा ठरल्यावर घर कोणत्या गावी आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनेलही असेच. ते त्यांच्या नातवाच्या साहाय्याने खेड्यातूनच चालू झाले आणि वर्षाच्या आतच लाखो घरी पोहोचले.

आणि दुसरे दुकान वाढवावयाचे असेल, तर यूट्यूबच्या तासांचा ध्यास सोडावा. हिंदीतून अर्ध्या मिनिटाची छोटी रील, त्यात सेक्टरचे नाव स्पष्ट लिहिलेले, आणि मागणीसाठी व्हॉट्सॲप बिझनेस, एवढे पुरे आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये किती संदेश गेले, किती पोहोचले व किती वाचले गेले, हे दिसते. त्याहून मोलाची माहिती मात्र कोणतेही यंत्र देणार नाही. ती म्हणजे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास विचारावयाचा प्रश्न: “आपण आमच्याविषयी कोठे पाहिले किंवा ऐकले?” उत्तर वहीत लिहून ठेवावे. वीस गिऱ्हाइकांपैकी बाराजणी ‘शेजारणीने सांगितले’ असे म्हणाल्या, तर महिनाभर रील करण्यात जाणारा वेळ शेजारणींना चाखावयास चार चकल्या पाठविण्यात घालविलेला बरा. (घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यास अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. ती घरबसल्या करता येते.)

आता पहिल्या दुकानाकडे पुन्हा वळू, कारण आकड्यांची खरी मौज तेथे आहे.

प्रत्येक व्हिडिओमागे यूट्यूब एक रेघ काढून दाखविते. डावीकडे आरंभ, उजवीकडे शेवट, आणि क्षणोक्षणी किती प्रेक्षक उरले ते त्या रेघेच्या उंचीवरून कळते. माझ्या मते सगळ्या आकड्यांत ही रेघ सर्वांत प्रामाणिक. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती कड्यासारखी कोसळली, तर समजावे की शीर्षकाने दिलेले वचन आपण वेळेवर पाळले नाही. भाजणीची चकली असे लिहून आपण आधी ऋतुमानावर प्रवचन केले. रेघ सपाट गेली, तर लोक मन लावून पाहत आहेत. मध्येच ती एकाएकी वर चढली, तर तो भाग पुनःपुन्हा पाहिला जात आहे. पाककृतीत ही उंचवट्याची जागा बहुधा प्रमाण सांगितले जाते तेथे सापडते. याचा अर्थ कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसले आहे आणि आपण फार भरभर बोललो. पुढच्या व्हिडिओत प्रमाण पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि व्हिडिओखालच्या मजकुरातही द्यावे. याच ठिकाणी आकडा संपतो आणि आपला विचार सुरू होतो. माणूस कोठे निघून गेला, हे रेघ सांगते. तो कंटाळून गेला, की त्याला हवे ते मिळाल्यामुळे समाधानाने गेला, हे मात्र ती सांगू शकत नाही. त्यासाठी खाली लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचाव्या लागतात आणि ओळखीच्या दोन-चार जणांस समोर बसवून व्हिडिओ दाखवावा लागतो.

दुसरा आकडा पाहावयाचा तो परतणाऱ्यांचा. नवे प्रेक्षक किती आणि पूर्वी येऊन गेलेले किती, याची विभागणी ‘ऑडियन्स’ या भागातच मिळते. शास्त्री मार्केटातील दुकानदारास चालण्याच्या ढबीवरून जे कळते, तेच येथे संख्येत दिसते. एखाद्या महिन्यात नव्यांची लाट आली, पण पुढच्या महिन्यात परतणाऱ्यांची रेघ तसूभरही हलली नाही, तर ती जत्रा होती, बाजारपेठ नव्हे. याउलट रेघ मुंगीच्या पावलांनी का होईना, पण वर जात असेल, तर एकूण पाहणाऱ्यांची संख्या लहान आहे म्हणून खंत बाळगण्याचे कारण नाही.

सरासरीच्या मोहात तर मुळीच पडू नये. दहा व्हिडिओंपैकी नऊ प्रत्येकी ६०० वेळा पाहिले गेले आणि एक ५०,००० वेळा, तर सरासरी ५,५४० निघते. हा आकडा दहांपैकी एकाही व्हिडिओचा नाही! अशा वेळी संख्या चढत्या क्रमाने मांडून मधली घ्यावी. ती ६०० येते आणि आपल्या दुकानाचा खरा रोजचा राबता तेवढाच आहे. त्या एका व्हिडिओचा विषय वेगळ्या चौकशीस पात्र आहे हे खरे. पण तो कोठून पाहिला गेला, शोधातून, कोणाच्या शिफारशीतून की बाहेरच्या एखाद्या ठिकाणाहून, हे पाहिल्यावाचून त्याची नक्कल करीत सुटू नये.

उलट टोकाची चूक म्हणजे थोड्या आकड्यांवरून मोठे अनुमान काढणे. मंगळवारी टाकलेला व्हिडिओ ४० जणांनी पाहिला आणि शुक्रवारचा ५५ जणांनी, म्हणून शुक्रवार शुभ ठरत नाही. प्रेक्षक फार थोडे असतील तर यूट्यूब त्यांच्या वयाचे व प्रदेशाचे तपशील दाखविण्याचेच टाळते, आणि ते योग्यच आहे. व्हिडिओ कोणत्या वेळी प्रसिद्ध केला याचा त्याच्या दीर्घकाळच्या यशावर थेट परिणाम होतो असे आढळलेले नाही, असेही यूट्यूबचे स्वतःचे म्हणणे आहे. तरीही ‘सोनेरी वेळ’ सांगणारे ज्योतिषी जागोजागी भेटतात. नियमितपणा ठेवावा तो यंत्रासाठी नव्हे, तर परतणाऱ्या माणसास आपण केव्हा भेटतो हे कळावे म्हणून.

बदल करावयाचा तर एका वेळी एकच करावा. शीर्षक, चित्र, लांबी आणि भाषा ही चारही एकदम बदलली आणि प्रेक्षक वाढले, तर कोणत्या औषधाने गुण आला हे वैद्यासही सांगता येणार नाही. चित्रांच्या बाबतीत यूट्यूबने २०२४ सालापासून एक सोय केली आहे. एकाच व्हिडिओस तीनपर्यंत चित्रे देता येतात. ती निरनिराळ्या प्रेक्षकांना दाखवून अखेर एक निवडले जाते. निवड कोणत्या चित्रावर अधिक बोटे पडली यावरून होत नसून, कोणत्या चित्रामुळे आलेले लोक अधिक वेळ थांबले यावरून होते, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

प्रेक्षकांची मोजदाद ही काही फोनच्या युगात जन्मलेली कल्पना नाही. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने एका कारखान्याचे गृहपत्र म्हणून निघालेले मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ झाले, आणि १९३० साली त्याचे भावंड म्हणून ‘स्त्री’ निघाले. दोन्ही मासिके घरोघरी पोहोचली. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा श्रोत्यांची पत्रे हजारांच्या संख्येने येऊ लागली. कोणते गाणे आवडले हे सांगण्यासाठी त्या श्रोत्याने पोस्टकार्ड विकत घेतले होते, त्यावर पत्ता लिहिला होता, ते पेटीत नेऊन टाकले होते. एका पत्रामागे एवढी खटपट होती, म्हणून त्याला वजन होते. आजच्या ‘लाइक’मागे अंगठ्याची एक हालचाल असते. पोस्टकार्डाच्या जवळपास येणारी कृती आज कोणती, असे विचारले तर मी म्हणेन, एखादी गोष्ट जपून ठेवणे अथवा कोणास मुद्दाम पाठविणे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही २०२५ च्या प्रारंभी असे सांगितले आहे की, नव्या लोकांपर्यंत पोहोचण्याच्या बाबतीत ‘पाठविणे’ याला ‘लाइक’पेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. सुनेने सासूस, मैत्रिणीने मैत्रिणीस ‘हे बघ’ म्हणून पाठविले, तर आपली पाककृती त्या घरच्या ओट्यावर पोहोचली असे समजण्यास हरकत नाही.

तथापि ज्यांच्या मापाने आपण मोजतो ते माप दुसऱ्याच्या हातात आहे, हे एक क्षणही विसरू नये. फेसबुकने २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जाहीरपणे मान्य केले की, व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते दीर्घकाळ फुगवून सांगत होते. तीन सेकंदांहून कमी वेळ पाहणाऱ्यांना त्यांनी हिशेबातूनच वगळले होते. या आकड्यांवर विसंबून जाहिरातदारांनी आपले खर्च आखले होते. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्समधील ‘व्ह्यू’ची व्याख्याच बदलली. शॉर्ट चालू झाला वा पुन्हा फिरला की एक व्ह्यू धरावयाचा, किती वेळ पाहिला याची अट नाही. पुष्कळांचे आकडे त्यामुळे एका रात्रीत वाढले आणि काही घरांत पुन्हा पेढे आले असतील. प्रत्यक्षात एकही नवा माणूस दारात आलेला नव्हता. जुन्या रीतीची मोजणी ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने अद्यापि मिळते आणि उत्पन्नही तिच्यावरच अवलंबून आहे, तीच पाहावी. इन्स्टाग्रामनेही २०२४ मध्ये सर्व प्रकारांसाठी ‘व्ह्यूज’ हे मुख्य माप केले. म्हणून यंदाच्या आकड्याची गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करताना मधल्या काळात गज बदलला तर नाही ना, हे आधी पाहावे. शिवाय ज्याला आपण ‘सूचना’ समजतो, त्यांत कंपनीचा स्वार्थ मिसळलेला असतो; लोकांनी पडद्यासमोर अधिक वेळ राहावे हा तिचा हेतू आणि आपला डबा विकला जावा हा आपला हेतू, हे दोन्ही दरवेळी जुळतीलच असे नाही.

संख्या विकत घेण्याचा मार्गही आहे, आणि तो किती स्वस्त आहे हे सांगणारे संदेश अनाहूतपणे येत असतात. २०२० च्या जुलैत मुंबई पोलिसांनी असे खोटे अनुयायी पुरविणाऱ्या एका धंद्याविरुद्ध गुन्हा नोंदवून अटक केली, हे वाचकांस आठवत असेल. नीतीची बाजू क्षणभर बाजूस ठेवली तरी हा व्यवहार मूर्खपणाचा आहे. खोटे अनुयायी व्हिडिओ पाहत नाहीत; त्यामुळे आपल्या वहीतील प्रत्येक प्रमाण बिघडते, आणि खरे गिऱ्हाईक कोणास आवडीने पाहते हे आपल्याला यापुढे कधीच कळत नाही. दुकानात पुतळे उभे करून गर्दी दाखविण्यासारखेच ते आहे. पुतळे काही विकत घेत नाहीत, वाट मात्र अडवितात.

काही जबाबदाऱ्या कायद्याने आपल्यावर येतात. एखाद्या मसालेवाल्याने पाकिटे फुकट पाठविली आणि आपण व्हिडिओत ती वापरून वाखाणली, तर तो संबंध साध्या व स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शनपर सांगितले आहे. प्रेक्षकांची नावे व फोन क्रमांक मागणीच्या निमित्ताने आपल्याजवळ जमतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे, आणि ज्या कामासाठी क्रमांक घेतला त्याखेरीज दुसऱ्या कोणास तो देऊ नये, एवढी शिस्त घरगुती धंद्यानेही पाळावी. मुलांच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. एखाद्या व्हिडिओत पाच वर्षांची मुलगी बोबडे बोलली आणि रेघ वर चढली, की पुढच्या प्रत्येक व्हिडिओत तिला उभे करण्याचा मोह होतो. आकडा ‘होय’ म्हणत असतो. पण ती मोठी झाल्यावर तिला ते सारे आपल्या नावावर हवे असेल की नाही, हे आकड्यास ठाऊक नसते. येथे आईबापांनी आकड्याचे ऐकू नये.

दुकानाची किल्लीही सांभाळावी. वर उल्लेखिलेले ‘आपली आजी’ हे चॅनेल २०२० च्या ऑक्टोबरात कोणी अज्ञाताने बळकावले होते आणि काही दिवसांनी ते मोठ्या खटपटीने परत मिळाले. आपल्या खात्यास दुहेरी पडताळणी लावलेली नसेल तर हा अंक खाली ठेवून ती आधी लावावी.

राहता राहिली वहीची गोष्ट. स्टुडिओ उघडल्यावर गेल्या २८ दिवसांचे आकडे आपोआप समोर येतात, तेच घ्यावेत. दर महिन्याच्या एका ठराविक रविवारी चार रकाने भरावेत: अर्ध्या मिनिटानंतर किती टक्के प्रेक्षक उरले, परतणारे किती, मधला आकडा किती, आणि विक्री असेल तर डबे किती. शेजारी त्या महिन्यात आपण काय बदलले ते एका ओळीत लिहावे. बाकीचे दिवस आकडे पाहू नयेत. हे सांगणे सोपे, पाळणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. पण सकाळी व्हिडिओ टाकून दुपारी तीनदा आणि रात्री पाचदा जो आकडा पाहतो, त्याच्या पुढच्या व्हिडिओत लोकांना काय हवे याची नुसती धास्ती उतरते.

दिवाळीपुरते सांगावयाचे तर, गूगल ट्रेंड्स या मोफत सोयीत ‘चकली’ हा शब्द घालून मागील पाच वर्षांचा आलेख पाहावा. दरवर्षी शोध केव्हा वाढावयास लागतो आणि केव्हा ओसरतो, हे दिसेल. मग भाजणीचा व्हिडिओ त्याच्या पंधरा दिवस आधी तयार ठेवता येईल. सेक्टर २२ मधल्या त्या गृहिणीने डब्यांची हिंदी रील मात्र नवरात्रातच द्यावी, कारण तेलाचे डबे आणि भाजणीचे धान्य तिला मागण्या पाहूनच आणावे लागणार आहेत.